थरथरत्या हातातले लढाऊ विमान

वाचकहो, खारदांड्यातील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना मी एक प्रश्न हमखास विचारतो : "दिवसभर हातांनी काय करता?" पायांची विचारपूस सगळेच करतात. गुडघे दुखतात का, किती चालता, जिना चढता का, हे विचारून होते. हातांची चौकशी मात्र क्वचितच होते. मलाही ती सवय एका चुकीमुळे लागली. ती चूक माझीच होती, आणि तिची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. तिच्या मध्यभागी आहे एक वीतभरही लांब नसलेले, प्लॅस्टिकचे लढाऊ विमान.

ज्यांची ही हकीकत आहे, त्यांना मी येथे तांडेलकाका म्हणतो. त्यांच्या परवानगीने, परंतु ओळख पटू नये इतपत तपशील बदलून ती मांडत आहे. काकांचे वय शहात्तर. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी दर्यावर काढली, त्यांतली बरीचशी स्वतःच्या नौकेचे तांडेल म्हणून. पत्नीच्या निधनानंतर आणि नौका धाकट्या भावाच्या मुलाकडे गेल्यानंतर ते घरी बसले. जुना दमा होता, रक्तदाब होता. दोन्ही औषधांनी आटोक्यात होते. जाळे सांधणारी, सुकाणू धरणारी बोटे मात्र रिकामी झाली होती.

त्यांच्या नातवाने वाढदिवसाला एक खोका आणला. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले विमानाचे सुटे भाग, एक सूचनापत्रिका आणि पाण्यात भिजवून लावायच्या चिकटचित्रांचा कागद. विमान होते 'सी हॉक'.

वीतभर विमान आणि एक मोठे जहाज

आपल्यापैकी ज्यांनी १९७१ चा डिसेंबर मुंबईत अनुभवला, त्यांना खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेला काळा कागद आठवत असेल. काका तेव्हा बावीस वर्षांचे होते. दांड्याच्या किनाऱ्यावर रात्री दिवा लावायची बंदी होती. 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका त्यांनी त्याआधी समुद्रातून अनेकदा पाहिली होती. १९६१ च्या मार्चमध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत पोहोचली. क्षितिजावर तिचा सपाट माथा दिसला की खलाशी एकमेकांना हाक मारून दाखवीत, असे काका सांगतात. एकदा त्या माथ्यावरून एक काळा ठिपका उडालेला त्यांनी पाहिला. आवाज नंतर आला.

तो ठिपका बहुधा सी हॉकच असावा. हॉकर कंपनीचे हे एकआसनी जेट विमान भारतीय नौदलाने विक्रांतसाठी घेतले. त्याच्या नाकात वीस मिलिमीटरच्या चार तोफा असत, आणि जहाजाच्या पोटात मावावे म्हणून त्याचे पंख वर दुमडता येत. नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या तुकडीकडे ही विमाने होती. 'व्हाइट टायगर्स' हे तिचे नाव आणि झेपावणारा पांढरा वाघ हे तिचे चिन्ह. ४ डिसेंबर १९७१ रोजी बंगालच्या उपसागरात विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला चढवला. पुढे १९८३ च्या सुमारास या विमानांची जागा सी हॅरियर विमानांनी घेतली.

खोक्यावर '१/७२' असे लिहिले होते. याचा अर्थ खरी वस्तू बहात्तरपट लहान केलेली. सहा फुटांचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. सुमारे बारा मीटर लांबीचे सी हॉक सतरा सेंटिमीटरांच्या आत बसते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या एअरफिक्ससारख्या कंपन्यांनी या प्रमाणातली विमाने घरोघरी पोहोचवली आणि आजही जगभर हे प्रमाण फार प्रचलित आहे.

काकांना या कामात आपलेपणा का वाटला, हे मला फार उशिरा कळले. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि नौका किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या असतात. त्या दिवसांत जुना रंग खरवडायचा, फटी बुजवायच्या, अस्तराचा हात द्यायचा, मग रंग चढवायचा. आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून सजलेल्या नौकेने समुद्रात जायचे. विमानाच्या प्रतिकृतीचे कामही याच क्रमाने चालते. भाग चौकटीवरून अलगद कापायचे, कडा घासायच्या, जोड चिकटवायचे, फटी लांबीने भरून पुन्हा घासायच्या, प्रायमर द्यायचा, मग रंग. चाळीस पावसाळे जे काम काकांनी पंचेचाळीस फुटी नौकेवर केले, तेच आता ते हातावर मावणाऱ्या वस्तूवर करीत होते.

माझी चूक

पहिले विमान अर्धे झाले असताना काका दवाखान्यात आले. "डॉक्टर, एरवी ठीक असतो. ब्रश टेकवायला गेलो की हात नाचतो," असे म्हणाले. जुलैची संध्याकाळ होती, बाहेर तापाचे पंचवीस रुग्ण बसले होते. मी त्यांचा हात पाहिला न पाहिला आणि म्हणालो, "काका, या वयात एवढे बारीक काम कशाला? डोळ्यांना ताण, रंगाच्या वासाने दम्याला त्रास. सोडून द्या आता." काका "बरं" म्हणाले आणि उठले.

तीन महिन्यांनी त्यांची सून आली. काकांचे वजन चार किलोंनी उतरले होते. दिवसा डुलक्या, रात्री जागरण. भूक नाही, बोलणे नाही. "बाबा सकाळी उठतात, चहा घेतात आणि खिडकीशी बसतात. विमानाचा खोका कपाटावर टाकलाय. तुम्ही नको म्हणालात ना," ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले.

वजन उतरण्याची इतर कारणे अर्थातच तपासली. साखर, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, सर्व काही ठीक होते. मग मी काकांना दुपारी, दवाखाना रिकामा असताना बोलावले आणि जुलैत जे करायला हवे होते ते केले. त्यांना खोक्यासकट बोलावले होते. टेबलावर विमान ठेवले, ब्रश हातात दिला आणि अर्धा तास नुसते पाहिले.

हाताची थरथर वाचताना

वाचकहो, हात थरथरला की घरोघरी 'कंपवात' हा शब्द उच्चारला जातो आणि भीती पसरते. परंतु प्रत्येक थरथर कंपवाताची नसते. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, बहुधा हात विसावलेला असताना कंप दिसतो. तो एका बाजूला सुरू होतो. हालचाली मंदावतात, चेहरा भावहीन होतो, अक्षर बारीक होत जाते. याउलट वयस्करांत अधिक आढळणारा एक कंप आहे, त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. मांडीवर ठेवलेला हात शांत असतो. कप उचलताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना तो थरथरू लागतो. तो बहुधा दोन्ही हातांत असतो, अक्षर मोठे आणि वेडेवाकडे होते, आणि पुष्कळदा तो घराण्यात चालत आलेला असतो. काकांचा कंप याच प्रकारचा होता. "आमच्या आईचा हात असाच हलायचा, चहा बशीत सांडायचा," हे त्यांनी त्या दुपारी सांगितले. जुलैत मी विचारलेच नव्हते.

परंतु आईकडून आलेला कंप एकदम का वाढला? उत्तर त्यांच्या खिशात होते. दम्याचा जो पंप त्यांना पूर्वी दोन-तीन महिने पुरत असे, तो आता पंधरा दिवसांत संपत होता. काका पावसामुळे खिडकी बंद करून, एनॅमल रंग आणि थिनर वापरून काम करीत. थिनरच्या वाफेने दमा चाळवे, म्हणून ते पंप घेत. पंपातील सालब्युटामॉलने हातांची थरथर वाढते. हा त्या औषधाचा सर्वज्ञात परिणाम आहे. थरथर वाढली की ब्रश घसरे, घसरलेला रंग पुसायला पुन्हा थिनर! जोडीला दिवसातून पाच-सहा वेळा कडक चहा होता, आणि चहा-कॉफीनेही कंप वाढतो.

या प्रकारच्या कंपावर प्रोप्रानोलॉल हे औषध सर्रास दिले जाते. परंतु दम्याच्या रुग्णाला ते श्वासनलिका आवळून अपाय करू शकते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली कंपाची गोळी स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. मद्याने हा कंप थोडा वेळ कमी होतो हेही खरे आहे. त्याच्या आहारी गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावर काकांनी दुसरे औषध तूर्त नको असे ठरवले. आम्ही तीनच गोष्टी बदलल्या : पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणले, काम उघड्या खिडकीशी हलवले आणि चहा दोन वेळांवर आणला. दम्याची रोजची प्रतिबंधक औषधे नियमित सुरू केली. महिन्याभरात पंपाची गरज पूर्वीइतकी कमी झाली आणि हात बराच स्थिरावला. पूर्ण स्थिर झाला नाही, होणारही नव्हता.

मी त्यांना "जपून करा" म्हणालो, तेव्हा काकांनी मला एक गोष्ट ऐकवली. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला भेगा पडल्या होत्या. तो बंद ठेवून, वेगावर मर्यादा घालून जहाज बंगालच्या उपसागरात गेले. "एक बॉयलर बिघडला म्हणून तिला बंदरात बांधून ठेवली नाही, डॉक्टर," ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

बांगड्याची पाठ, बांगड्याचे पोट

सी हॉकचा रंग वरून गडद करडा आणि खालून फिकट. नातवाने कारण विचारले, तेव्हा काका म्हणाले, "बांगडा बघ. पाठ काळपट, पोट चंदेरी. वरून पाहणाऱ्याला पाण्यात दिसत नाही, खालून पाहणाऱ्याला आभाळात दिसत नाही." समुद्रावर उडणाऱ्या विमानालाही हेच तत्त्व लागू होते. पुस्तकात वाचून जे मला कळले असते, ते त्यांना टोपलीतल्या मासळीने शिकवले होते.

प्रतिकृती रंगवणाऱ्यांचा आणखी एक नियम आहे : खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा छोट्या प्रतिकृतीवर दिला तर तो अधिक गडद दिसतो, म्हणून त्यात किंचित फिकटपणा आणावा लागतो. दूरची वस्तू हवेतून पाहताना फिकी दिसते, आणि छोटी प्रतिकृती म्हणजे जणू दूरचे विमान. काकांना हे पटायला क्षणही लागला नाही. लांबची नौका फिकट दिसते, जवळ आली की रंग भरतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. मात्र एका ठिकाणी समुद्राने त्यांना फसवले. विमान जुने दिसावे म्हणून त्यांनी कडांना तांबूस गंज रंगवला. नातवाने हरकत घेतली : विमानाचे अंग मुख्यतः ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे, त्याला लोखंडासारखा लाल गंज चढत नाही, रंग उडाला तर आतून रुपेरी धातू दिसतो आणि खाऱ्या हवेने पांढुरका थर धरतो. काका हसले आणि गंज पुसला.

याच रंगकामाने एक आजार उघडकीस आणला. विमानाचे पोट दोन दिवसांत रंगवून झाले. सुनेने ते उचलून पाहिले, तर डाव्या पंखाखालचा रंग फिकट निळा आणि उजव्या पंखाखालचा फिकट करडा. काकांना दोन्ही सारखेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुकून शेजारची बाटली उघडली होती आणि फरक त्यांच्या ध्यानात आला नव्हता. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. मोतीबिंदूने भिंग पिवळट आणि धूसर होते. निळा, करडा, हिरवट अशा जवळच्या फिकट छटांतील भेद पुसट होतात. वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात, म्हणून माणसाला वाटते की दृष्टी ठीक आहे. दोन्ही शस्त्रक्रिया झाल्यावर काकांनी प्रथम ते पोट पाहिले आणि म्हणाले, "हे काय करून ठेवलंय मी!" त्यांनी ते पुन्हा रंगवले.

म्हणून सांगतो, आपल्या घरातील ज्येष्ठ रांगोळी काढीत असोत, विणकाम करीत असोत वा विमान रंगवीत असोत, त्यांच्या कामातील बदलाकडे लक्ष द्या. रंग चुकू लागले, तर डोळे तपासा. नेहमीचा क्रम पुन्हा पुन्हा चुकू लागला, तर स्मृतीविषयी डॉक्टरांशी बोला. बटणे लावताना, ब्रश धरताना बोटे बधिर वाटू लागली, तर मधुमेह, मनगटातील दबलेली नस किंवा मानेचे मणके यांचा विचार व्हावा. आणि हातातून ब्रश एकाएकी गळून पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर एक मिनिटही न दवडता पक्षाघातावर उपचार होणारे रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. "थोडे पडून राहा, बरे वाटेल" या वाक्याने अनेकांचे ते तास गेले आहेत.

काळजी घेणाऱ्यांसाठी

मधल्या काळात काकांच्या मुलाने प्रेमापोटी एक गोष्ट केली. वडिलांना चाकांवर रंग देताना त्रास होतो हे पाहून त्याने रात्री बसून तिन्ही चाके रंगवून ठेवली. काम सुबक झाले होते. सकाळी काकांनी चाके पाहिली, काही बोलले नाहीत आणि आठवडाभर खोका उघडला नाही. मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मी तर मदतच केली." मी त्याला माझी जुलैची गोष्ट सांगितली. आम्हा दोघांचा हेतू चांगला होता आणि दोघांनीही काकांच्या हातातले काम काढून घेतले होते.

मदत कोठे करावी? सूचनापत्रिकेची छापील चित्रे मोठी करून आणावीत. बारीक भाग अंगठीच्या डबीत क्रमाने लावून द्यावेत. जमिनीवर पडलेला भाग शोधून द्यावा. वाकून शोधताना तोल जाण्याचा धोका खरा आहे. घट्ट झाकणे सैल करून ठेवावीत. विचारल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये. वाकडी झालेली रेषा दाखवू नये. ती त्यांना दिसलेलीच असते. काम किती दिवसांत संपेल हे तर कधीही विचारू नये.

ज्यांना स्मृतिभ्रंशाचा त्रास आहे, त्यांच्यासाठी १/४८ किंवा १/३२ प्रमाणातील मोठे भाग घ्यावेत, जोडणी घरच्यांनी करावी आणि रंगकाम त्यांच्यावर सोपवावे. पाती, गोंद आणि थिनर त्यांच्या हाताशी नसावेत. विमाने रंगवल्याने स्मृतिभ्रंश टळतो किंवा बरा होतो, असे मी म्हणत नाही, आणि तसे कोणी सांगितल्यास सावध राहा. लक्ष एकवटणे, बोटे चालवणे, क्रम लावणे आणि उद्या सकाळी उठून करायला काहीतरी असणे, एवढे मात्र यातून निश्चित मिळते.

टेबलापाशी बसण्यापूर्वी

टेबल कोपराच्या उंचीचे, खुर्ची पाठीची, पाय जमिनीला टेकलेले असावेत. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. चष्मा नेमक्या कामाच्या अंतरासाठी, म्हणजे साधारण तीस ते चाळीस सेंटिमीटरसाठी तपासून घ्यावा. स्टँडचे भिंग वापरल्यास एक हात मोकळा राहतो. दर वीस मिनिटांनी मान वर करून दूरवर पाहावे आणि पाऊण तासाने उठून फिरावे.

हात थरथरत असेल तर मनगट आणि करंगळी टेबलावर टेकवा. ब्रशच्या दांड्याला रबर किंवा स्पंज गुंडाळून तो जाड करा. जाड दांडा धरायला बोटांना कमी जोर लागतो. लांब रेघेऐवजी छोटे छोटे हात मारा आणि श्वास सोडता सोडता ब्रश टेकवा. सकाळी, न्याहारीनंतर, थकवा येण्यापूर्वी काम करा.

विमानाच्या नाकात वजन घालावे लागते, नाहीतर पुढे चाक असलेले हे विमान शेपटीवर बसते. काकांनी त्यासाठी जाळ्याचे शिसे काढले. मी त्यांना थांबवले. शिसे विषारी असते आणि घरात लहान नात आहे. त्याऐवजी लोखंडी नट पुरतो. शिसे हाताळलेच, तर हात साबणाने धुवावेत आणि तुकडे मुलांपासून दूर ठेवावेत.

थिनर आणि एनॅमल रंग वापरायचेच असतील, तर खिडक्या उघड्या ठेवून, गॅस आणि देवापुढची समई यांपासून दूर ठेवून वापरावेत. दमा किंवा जुना श्वसनविकार असलेल्यांनी ते आणि फवाऱ्याचे डबे टाळलेलेच बरे. घासकाम ओल्या पॉलिश पेपरने करावे, म्हणजे धूळ उडत नाही. ब्रशचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय सोडावी. आणि थिनर कधीही शीतपेयाच्या बाटलीत किंवा चहाच्या पेल्यात ओतून ठेवू नये. चुकून कोणी प्यायले तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात जाऊन अधिक घातक ठरते. थेट रुग्णालयात न्यावे.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेला तर पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी अन्य औषधे चालू असतील, तर धारदार पात्याऐवजी छोटी कटर पक्कड वापरावी. कापलेच, तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे. तरीही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे यावे. औषध मनाने बंद करू नये. मधुमेह्यांनी काम संपल्यावर बोटे उजेडात पाहावीत. बधिर बोटाला जखम कळत नाही.

आठवा वाघ

विमान जवळजवळ पूर्ण झाले, तेव्हा एकच गोष्ट उरली. खोक्यातील चिकटचित्रे ब्रिटिश नौदलाची होती. त्यांत पांढरा वाघ नव्हता. नाकावरचा तो वाघ जेमतेम दीड सेंटिमीटरचा. नातू म्हणाला, "तयार मागवू." काकांना तो स्वतः काढायचा होता. मला वाटले, आता निराशा येणार.

काकांनी युक्ती काढली. कोऱ्या चिकटचित्राचा पारदर्शक कागद मिळतो, त्यावर टेबलावर मनगट टेकवून वाघ रंगवायचा. बिघडला तर दुसरा. विमानाला धक्का लागत नाही. रोज सकाळी एक, असे अकरा दिवसांत अकरा वाघ झाले. पहिला मांजरासारखा, तिसऱ्याला पाच पाय. आठवा निवडला, त्यावर वॉर्निशचा हात दिला, पाण्यात भिजवला आणि सरकवून नाकावर बसवला. त्याच्या पाठीची रेषा किंचित नागमोडी आहे. हात तेथे थरथरला होता, हे जवळून पाहिल्यास ओळखू येते. काका म्हणतात, झेपावणाऱ्या वाघाची पाठ सरळ कधी असते?

जुनी विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरते संग्रहालय म्हणून उभी होती आणि अखेर २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. सी हॉक आज पाहायचे असेल तर गोव्यात बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात जाता येते. किंवा दांड्याला, काकांच्या खिडकीत. काकांचे वजन तीन किलोंनी भरून आले आहे. टेबलावर सध्या 'नॅट'चा खोका उघडलेला आहे; १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढलेले हे इवलेसे विमान १/७२ प्रमाणात हाताच्या पंजावर मावते. भाग आणखी बारीक आहेत, म्हणून काकांनी दिवा बदलून घेतला आहे.

आपल्या घरात कोणी ज्येष्ठ खिडकीशी नुसते बसून असतील, तर त्यांना आज एवढेच विचारा, की पूर्वी हातांनी काय काय करीत होता. शिवण, सुतारकाम, मोडी अक्षर, घड्याळ दुरुस्ती, नौकेचे रंगकाम, उत्तर काहीही येईल. ते उत्तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांनाही सांगा. आणि डॉक्टर घाईत असतील, माझ्यासारखे काही बोलून गेले, तर काकांच्या सुनेप्रमाणे पुन्हा दवाखान्यात या.